नानांची पिकअप का आदळत होती?

नानांनी गाडी गॅरेजसमोर लावली, खाली उतरले आणि आधी शॉकअपचं बिल माझ्या हातात ठेवलं. "भाऊ, एवढे पैसे घातले आणि गाडी पहिल्यापेक्षा कडक झाली. आता ह्याच्याहून भारी कोणते टाकू, तेवढं सांगा."

नानांची रोपवाटिका नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे आहे. टोमॅटो, मिरची, ढोबळी, फ्लॉवर. प्रोट्रेमधली रोपं हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत पोचवायची, हा त्यांचा धंदा. डांबर संपलं की मुरूम, मुरूम संपला की दगड, आणि पावसाळ्यात मध्येच एखादा ओहोळ. गाडी डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर, नऊ वर्षं जुनी. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळावर गाडी तोलणारा लोखंडी दांडा, आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीत नव्हताच.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात त्यांना दोन इंची लिफ्ट किट बसवून दिलं होतं. मागे जाड पाटे, पुढे टॉर्शन बार पिळून उंची वाढवलेली, चारी बाजूंना जास्त दाबाच्या गॅसचे मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉकअप. दुकानदारानं विचारलं, माल भरता ना? नाना म्हणाले, भरतो. किती भरता, हे कुणीच विचारलं नाही. या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे, असं माझं मत आहे.

तक्रारी दोन होत्या. खराब रस्त्यावर मागचे ट्रे रॅकमध्ये उडायचे आणि कोकोपीटसकट रोपं बाहेर पडायची. दुसरी, पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की 'खट्' असा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज यायचा. वहिनींनी तर मागच्या सीटवर बसणंच सोडलं होतं. हरसूलला माहेरी जायचं तर एसटीनं जाईन म्हणायच्या.

आधी काटा, मग पाना

पहिल्या दिवशी मी एकही नट सैल केला नाही. पेठ रोडच्या एका वजनकाट्यावर गेलो. टाकी फुल, आम्ही दोघं आत, मागे काही नाही: १९१० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून घेतली: १०८० किलो. म्हणजे मागच्या एक्सलवर ८३०. ही युक्ती फुकट आहे, काट्यावाला फार तर चहाचे पैसे मागेल, पण निम्मे लोक ती करत नाहीत.

मग रोपवाटिकेत जाऊन नानांचा 'सगळ्यात जड' माल भरला. रॅक टपाच्याही वर गेलेला, बघणाऱ्याला वाटावं टनभर असेल. काट्यावर वजन वाढलं २८० किलो.

"एवढंच?" नाना खाली उतरून स्वतः आकडा बघून आले. ९८ खणांच्या ट्रेमध्ये असतं काय, मूठभर भिजलेलं कोकोपीट आणि दोन पानं. बाकी सगळी हवा. गाडी टनभर ओझ्यासाठी कडक केलेली, आणि आयुष्यभर तिनं उचललेलं काय, तर रोपांचे ट्रे. वर्षातून एखाद्या वेळी डीएपी खताच्या बारा गोण्या, म्हणजे ६०० किलो. तेवढाच काय तो अपवाद.

हवेनं केलेलं काम

परत येताना टायरची हवा तपासली. मागे ५० पॉइंट, पुढे ४०. पंपावरचा पोरगा विचारतो किती, नाना काच खाली न करता पाच बोटं दाखवतात, संपलं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे छापलेले होते. त्यावर इतकी धूळ होती की ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय वाचता येईनात.

चाचणीसाठी एक रस्ता ठरवला. गिरणाऱ्याच्या पुढे एका पाड्याकडे जाणारा दीड किलोमीटरचा मुरमाचा तुकडा. पहिल्या अर्ध्यात पत्र्याच्या नाल्यांसारख्या आडव्या लाटा, दुसऱ्या अर्ध्यात दगड. वेग ताशी २०, प्रत्येक वेळी तोच. मागच्या हौद्यात रॅकशेजारी माझा जुना फोन चिकटपट्टीनं घट्ट बसवला आणि त्यात फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप सुरू केलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं ते शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी बनवलंय. फोनमधल्या सेन्सरनं धक्का किती 'जी'चा बसला ते त्यात दिसतं. वस्तू का उडते याचं गणित सोपं आहे. हौदा खाली जाताना एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त जोरानं ओढला गेला, की ट्रे त्याच्याबरोबर येऊ शकत नाही. तो हवेत राहतो, आणि मग हौदा वर येऊन त्याला थप्पड मारतो.

पहिल्या फेरीत दीड किलोमीटरमध्ये हौदा २७ वेळा एक जीच्या पलीकडे गेला. मागे ३०, पुढे २८ पॉइंट करून तोच रस्ता, तोच वेग: १५ वेळा. मुरमावर २२ पर्यंत उतरवली तेव्हा ११. पैसा एक खर्च नाही.

टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. तिला दगडासारखी फुगवून मग खालचे पाटे मऊ करायचे, हे उशी काढून गादी बदलण्यासारखं आहे. मात्र २२ पॉइंटवर डांबरी रस्त्यानं ऐंशीनं जायचं नाही. टायरची बाजू दुमडून दुमडून तापते आणि फाटते. म्हणून नानांना बॅटरीवर चालणारा पंप घ्यायला लावला. डांबर लागलं की आधी हवा, मग चहा.

पाच भागिले वर्गमूळ

हवेनं बरंच झालं, पण दगडांवर मागचा भाग अजून लाकडी बाजेसारखा खणखणत होता. आता पाटे मोजायचे.

चेसिसखाली जॅक लावून गाडी इतकीच उचलली की टायर जमिनीला नुसते टेकलेले राहतील आणि पाट्यांवर वजन राहणार नाही. एक्सल ते चेसिस अंतर मोजलं. मग गाडी खाली सोडली, दोन-चारदा हलवली, पुन्हा मोजलं. फरक साडेपाच सेंटिमीटर. रिकाम्या गाडीच्या वजनानं पाटे एवढेच बसत होते.

या एका आकड्यावरून बरंच कळतं. बसलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि पाचाला त्यानं भागा. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलेल ते येतं. साडेपाचला उत्तर २.१. आरामदायी कार साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असते. दोनच्या वर गेली की डोलणं संपतं आणि थडथडणं सुरू होतं.

पुढचा हिशेब: मागचे ८३० किलो, त्यातून एक्सल आणि चाकांचे अंदाजे २२० वजा केले तर ६१० उरतात, एका बाजूला ३०५. साडेपाच सेंटिमीटर बसायला ३०५ किलो, म्हणजे सेंटिमीटरला ५५ किलो. हा पाटा ट्रे नेण्याचा नाही, वाळू नेण्याचा आहे.

"मग कंपनीचे पाटे कुठे गेले?" मी विचारलं.

नाना जरा ओशाळले. रोपवाटिकेच्या मागच्या बाजूला शेडनेट वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कडेवर ठेवले होते. दोन्ही जोड, गंजलेले, एकावर कोंबडी बसलेली. व्हर्नियर लावून बघितलं. किटचे पाटे पाच, प्रत्येकी आठ मिलिमीटर जाड. कंपनीचे पाटेही पाच, तेवढेच लांब, तेवढेच रुंद, पण सात मिलिमीटर. खाली एक जाड हेल्पर, जो गाडी रिकामी असताना कशालाच टेकत नाही.

फरक एक मिलिमीटरचा. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. सातचा घन ३४३, आठचा ५१२. म्हणजे जुना पाटा नव्याच्या ६७ टक्के कडक, जवळजवळ एक तृतीयांश मऊ. सेंटिमीटरला ५५ ऐवजी ३७ किलो. नानांना जे विकत हवं होतं ते त्यांच्याच शेडनेटवर पडलं होतं.

याची दुसरी बाजू त्यांना तिथेच सांगितली. तेवढ्याच ओझ्याला सात मिलिमीटरच्या पाट्यावर ताण साधारण ३० टक्के जास्त येतो. कंपनीचा पाटा कंपनीनं छापलेलं ओझं उचलतो, पण नऊ वर्षं जुना, गंजलेला पाटा तेवढंच उचलेल असं मी म्हणणार नाही. ४०० किलोच्या पुढे जायचं नाही, डीएपी दोन खेपांत आणायचं, असं ठरलं.

चाचांकडे

द्वारकेच्या बाजूला कमान-पाट्याचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे दोन्ही जोड नेले. चाचांनी प्रत्येक पाटा सुटा केला, दगडावर उभा धरला आणि हातोडीनं हलकं टिचकवला. एक सोडून सगळ्या पाट्यांनी घंटेसारखा 'टिंग' दिला. तो एक बद्द वाजला. पुसून बघितलं तर सेंटर बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर गेलेली. तो पाटा बदलला.

बाकीचे थोडे बसले होते. नाना म्हणाले, भट्टीत घालून कमान मारून द्या. चाचा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "भट्टीत घातला की पाणी उतरलं त्याचं. मग दोन महिन्यांत परत बसेल." सगळे गार ठोकून सेट केले.

पाट्यांच्या टोकांकडे मी विशेष लक्ष दिलं. प्रत्येक पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्यात घळ पाडली होती, आणि त्या घळीत गंज आणि मुरमाची धूळ घट्ट बसलेली. अशा पाट्यांमधलं घर्षण इतकं असतं की छोटा खड्डा आला तर पाटा हलतच नाही, सगळा धक्का सरळ चेसिसला जातो. चाचांनी टोकं ग्राइंडरनं गोल केली, घळी सपाट केल्या आणि टोकांखाली नायलॉनच्या गुंड्या बसवल्या. साधं ग्रीस लावू नका म्हटलं. चार दिवस छान वाटतं, मग त्यात मुरूम चिकटून त्याचा पॉलिश पेपर होतो.

बुशांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ही चूक मी खूप ठिकाणी बघतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे, रबरी बुश गाडी हवेत लटकत असतानाच आवळले होते. रबरी बुशमध्ये काही सरकत नाही, रबर स्वतः पिळतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, की गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो. तो स्प्रिंगसारखा विरोध करतो आणि लवकर फाटतो. नानांचे सहा बुश फाटले होते. नवे घातले, बोल्ट नुसते हातानं लावले, गाडी चाकांवर उभी केली, वर दोन माणसं उड्या मारायला चढवली आणि मग पान्यानं आवळलं.

बसवल्यावर पाटे किती दबतात ते मोजलं: हिशेबानं सव्वाआठ सेंटिमीटर यायला हवं होतं, आलं आठ. म्हणजे सेकंदाला पावणेदोन डोलणं. माल भरल्यावर दीडच्या खाली. एवढं मला पुरे होतं.

उंची मात्र पाच सेंटिमीटर गेली आणि नानांचा चेहरा पडला. "दगड लागतील ना खाली." खरं तर लिफ्ट किटनं उचलली जाते ती बॉडी. डिफरन्शियलचा गोळा एक्सलवर असतो, तो फक्त मोठ्या टायरनं वर जातो. किट असतानाही तो होता तिथेच होता. हे गाडीखाली वाकून, टेप लावून दाखवल्यावर पटलं.

पुढचा 'खट्'

हे काम सगळ्यात स्वस्तात झालं. पुढचं चाक जॅकनं उचललं आणि मोजलं: चाक खाली फक्त अडीच सेंटिमीटर उतरत होतं, मग वरचा आर्म रबरी स्टॉपला टेकत होता. टॉर्शन बारचा बोल्ट पिळून गाडी वर केली की बार कडक होत नाही, तो समज चुकीचा आहे. चाकाची खाली जायची जागा मात्र संपते. खड्डा आला, चाकाला खाली जायचंय, जागा नाही. 'खट्'. लोक यालाच शॉकअप गेला म्हणतात आणि नवा घेतात. नानांनीही तेच केलं होतं.

बोल्ट दोन्ही बाजूंना सारखे सैल करून साडेसहा सेंटिमीटर जागा मिळवली. अलाइनमेंट केलं, हेडलाइटचा झोत पुन्हा लावला. आवाज गेला.

आता कुठे शॉकअप

नानांचा पहिला प्रश्न शॉकअपचा होता आणि मी तिथे शेवटी पोचलो. शॉकअप वजन उचलत नाही. उचलतात पाटे. शॉकअप फक्त पाट्याची हालचाल थांबवतो, तेलाला बारीक भोकांतून ढकलून. कडक पाट्याला आवरायला कडक शॉकअप लागतो, म्हणून आधी पाटा ठरतो.

मोनोट्यूब शॉकअप मला आवडतात, तापले तरी हात टेकत नाहीत. पण नानांच्या शॉकअपवर दाब लिहिला होता ३६० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २५ किलो. दांडा १४ मिलिमीटरचा. त्याच्या टोकाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. गुणाकार केला तर एकेक शॉकअप गाडीला सतत ३९ किलोनं वर ढकलतोय. मागचे दोन मिळून ७८. टनभर माल असता तर कळलंही नसतं. २८० किलोवाल्याला कळतं. शिवाय ते लिफ्टसाठी लांब केलेले. गाडी मूळ उंचीवर आणल्यावर बंप स्टॉपला, म्हणजे एक्सल फार वर आला तर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकायच्या आधी शॉकअपच आतून आपटला असता. म्हणून ते काढणं भागच होतं.

नवे घेताना माप असं घेतलं: पाटे बसवण्याआधी एक्सल जॅकनं बंप स्टॉपला टेकवला आणि शॉकअपच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं. शॉकअपची पूर्ण मिटलेली लांबी त्याहून दीड सेंटिमीटर तरी कमी हवी. कॅटलॉगमध्ये गाडीचं नाव बघून मागवणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

नानांच्या भाच्यानं मोबाइलवर वेगळी टाकी जोडलेले शॉकअप दाखवले. ते वाळवंटात शंभराच्या वेगानं उधळणाऱ्यांसाठी. हरसूलच्या पाड्यावर २० च्या वेगानं मिरचीची रोपं नेणाऱ्याला ती टाकी म्हणजे दगड लागायची आणखी एक जागा. आम्ही मूळ लांबीचे, कमी दाबाच्या गॅसचे ट्विन ट्यूब, म्हणजे दोन नळ्यांचे, घेतले. मागच्या चाकांचे शॉकअप बटण फिरवून नऊ टप्प्यांत कडक-मऊ होणारे. रँचोसारख्या कंपन्या अशा नऊ टप्प्यांचे शॉकअप बऱ्याच वर्षांपासून बनवतात, नवल नाही. पुढचे साधे.

पहिल्या फेरीला नानांनी सातवर ठेवले, "पकड राहते" म्हणून. लाटांच्या रस्त्यावर मागचा भाग हळूहळू खाली बसत गेला आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळायला लागला. कारण असं, की बहुतेक शॉकअप दाबताना जेवढा विरोध करतात त्याच्या दोन-तीन पट उघडताना करतात. टप्पा वाढवला की उघडणं फार मंद होतं. एका लाटेनं पाटा दाबला, तो सुटायच्या आत दुसरी लाट, मग तिसरी. पाटा उघडायला मिळतच नाही. आम्ही खाली उतरून तीनवर आणलं, पुन्हा फेरी. मोबाइलवर एक जीच्या पलीकडचे धक्के: २.

ट्रे जागच्या जागी. वहिनी मागच्या सीटवर होत्या, थर्मासमधला चहा मांडीवर घेऊन.

नुकसान झालंच नाही असं नाही. पेठकडे जाताना सावळ घाटाच्या वळणांवर गाडी आता जास्त कलते, सवय होईपर्यंत नाना जरा सावकाश घेतात. मागचे रबरी बंप स्टॉप दगड झाले होते, त्या जागी फोमसारख्या पॉलियुरेथेनचे घातले, म्हणजे चुकून डीएपी जास्त भरलंच तर आदळ एकदम येणार नाही. आणि किट काढल्यानं एक डोकेदुखी कमी झाली: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. विम्याचा दावा करायची वेळ आली की लिफ्ट केलेल्या गाडीवाल्याची छाती उगीच धडधडते.

दिवाळीनंतर नानांचा फोन आला. "भाऊ, गाडी परत आदळायला लागली. तुमच्या चाचांचे पाटे बसले वाटतं."

मी म्हटलं, शॉकअपचं बटण कितीवर आहे? खाली वाकून बघितलं असावं, मागून भाच्याचा आवाज येत होता. नऊवर. हायवेला भारी वाटतं म्हणून त्यानं फिरवलं होतं.

"आणि हवा?"

फोनवर जरा शांतता. मग नाना भाच्याला विचारताना ऐकू आले, "तू पंपावर किती मारली रे?"

"पन्नास."